विरळणी

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी जयनगरमधल्या आमच्या बाल्कनीत ९८ खळग्यांचा एक काळा प्लास्टिकचा ट्रे मांडला, त्यात कोकोपीट भरलं आणि टोमॅटोचं पाकीट फोडलं. पाकिटात शंभराच्या आसपास बिया. बाल्कनीत कुंड्या सहा. हा हिशेब पहिलीतल्या पोरालाही जमला असता. पण दहा-बारा बिया पेरून उरलेलं पाकीट बंद करणं मला काही जमलं नाही. एकेका खळग्यात एकेक बी टाकत गेले ती ट्रे भरेपर्यंत. सहाव्या दिवशी सकाळी पहिली दोन वाकडी मानेची रोपं वर आली. दहाव्या दिवशी मोजली तर ७१ होती.

मिरजेला आईला फोन केला. ती हसली. "अगं, विरळणी कर. सगळी ठेवलीस तर एकही धड वाढायचं नाही."

विरळणी हा शब्द मी किती तरी वर्षांनी ऐकत होते. आई मुळ्याच्या वाफ्याची विरळणी करायची तेव्हा उपटलेल्या कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची, त्यामुळे लहानपणी तो शब्द मला जेवणातलाच वाटे. दाट उगवलेल्यातून काही काढायचं आणि राहिलेल्यांना जागा करून द्यायची. शब्दात उपटण्याचा उल्लेखच नाही, उपटल्यावर जे उरतं ते विरळपण तेवढं आहे. पण टोमॅटोच्या रोपांची भाजी होत नाही. ती उपटायची म्हणजे टाकायचीच. ट्रेसमोर चवड्यावर बसले, एका रोपाला दोन बोटांत धरलं आणि सोडून दिलं. मग चप्पल घालून लालबागेत फिरायला गेले. आमच्या घरापासून ती चालत वीस मिनिटांवर आहे.

बी पेरून थांबता न येणाऱ्या माणसांनी वसवलेली जागा म्हणजे लालबाग. तिथे चालताना माझ्या ट्रेची मला जरा कमी लाज वाटते.

बागेची सुरुवात हैदरअलीने १७६० मध्ये केली. शिऱ्याला मोगल सुभेदाराची बाग होती, तिच्यावरून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. पुढे टिपूने ती वाढवली, आणि झाडं गोळा करण्याचा त्याचा नाद थेट राजकारणात शिरला. त्याचे तीन वकील १७८८ च्या ऑगस्टमध्ये व्हर्सायला सोळाव्या लुईसमोर उभे राहिले. इंग्रजांविरुद्ध फौजेची मदत ही मुख्य मागणी होती. ती काही पदरात पडली नाही. पण टिपूने कारागिरांबरोबर रोपं आणि बियाही मागितल्या होत्या. त्या देणं फ्रान्सच्या राजाला फौजेपेक्षा सोपं होतं. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि मदतीचा तो रस्ता कायमचा बंद झाला.

त्या काळात झाड मागायचं तर बी मागणंच शहाणपणाचं. जहाजावर गोडं पाणी मोजून मिळे. त्यातलं रोपाला कोण घालणार? डेकवर ठेवलेली रोपं खाऱ्या तुषारांनी जळून जात. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने झाडं बंद काचपेटीत महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात हे दाखवलं, ते १८३० नंतर. तोवर समुद्र ओलांडायचा तर बियांनीच. बी झोपलेलं असतं, पाणी मागत नाही, मुठीत मावतं. पण दमट तळघरात चार-सहा महिने काढल्यावर त्यातलं किती जिवंत आहे हे कुणालाच सांगता येत नसे. म्हणून पाठवणारा भरपूर पाठवी, आणि घेणारा सगळं पेरून मोकळा होई.

या हिशेबाचं सर्वांत मोठं उदाहरण १८७६ चं आहे. हेन्री विकहॅम या इंग्रजाने ब्राझीलमधून रबराच्या झाडाच्या सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात आणल्या. रबराचं बी लवकर मरतं. क्यूच्या लोकांनी काचघरांत जागा करून सगळ्याच्या सगळ्या पेरल्या. उगवल्या २,७०० च्या आसपास, म्हणजे शंभरातल्या चार. त्यांतली बहुतेक रोपं श्रीलंकेला गेली आणि आशियातल्या रबराच्या मळ्यांचा पाया त्यांतून घातला गेला. या गोष्टीत विरळणी करायची वेळच आली नाही. प्रवासानेच ती करून टाकली होती.

टिपूच्या बागांची विरळणी मात्र युद्धाने केली. त्याची दुसरी लालबाग श्रीरंगपट्टणच्या बेटावर होती. १७९२ च्या फेब्रुवारीत कॉर्नवॉलिसच्या फौजेने तिथे तळ दिला आणि वेढ्यासाठी लागणाऱ्या लाकडाच्या जुड्या बांधायला त्या बागेतले सरू तोडले. मिरजेच्या मुलीला हे वाचताना थोडं अवघडायला होतं, कारण त्या छावणीत हरिपंत फडक्यांच्या हाताखालचे मराठेही होते, इंग्रजांचे दोस्त म्हणून. कुऱ्हाड कुणी चालवली हा प्रश्न वेगळा. बाग तुटत होती तेव्हा आपली माणसं तिथे होती, एवढं खरं.

बंगळुरूची बाग टिकली. टिपूच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १८०० मध्ये, फ्रान्सिस बुकानन हा कंपनीचा डॉक्टर म्हैसूर राज्याची पाहणी करत इथे आला. त्याने वर्णन केलेली बाग चौकोनी तुकड्यांची आहे. मधून वाटा, वाटांच्या कडेला सरू, आणि प्रत्येक जातीला स्वतंत्र तुकडा. एका तुकड्यात फक्त गुलाब, दुसऱ्यात फक्त डाळिंबं. मालकाचा नाद कितीही मोठा असला तरी ज्याला त्याला आपली चौकट होती, असं ते चित्र आहे.

पुढे कंपनीच्या, मग सरकारच्या हाती बाग गेली. १८५६ मध्ये ती सरकारी उद्यान झाली आणि क्यूमध्ये शिकलेले माळी एकामागून एक येऊ लागले. त्यांतला जॉन कॅमेरॉन १८७४ मध्ये आला आणि तीसहून अधिक वर्षं राहिला. लालबागेतलं प्रसिद्ध काचघर त्याच्याच काळातलं. १८८९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची पायाभरणी झाली. पण बंगळुरूच्या स्वयंपाकघरात कॅमेरॉनची आठवण काढायची तर काचघराऐवजी चौचौची काढावी. फिकट हिरवं, सुरकुतलेल्या नासपतीसारखं दिसणारं हे वेलावरचं फळ मूळचं मेक्सिकोकडचं. ते इथे रुजवण्याचं श्रेय कॅमेरॉनला देतात.

भाषांतर हा माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे या भाजीच्या नावांवर माझा जीव आहे. कन्नडमध्ये तिला सीमेबदनेकाई म्हणतात. बदनेकाई म्हणजे वांगं, आणि सीमे म्हणजे आपल्याकडचं विलायती. रॉकेल ते सीमेएण्णे, खडू तो सीमेसुण्ण, विलायती चिंच ती सीमेहुणसे. म्हणजे हे झालं विलायती वांगं. तीच भाजी तमिळनाडूत गेली की तिचं नाव होतं बंगळूर कत्तरिक्काय, बंगळुरूचं वांगं. इथे जी परकी, ती तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवर गेल्यावर इथली ठरली. मुळात ते वांगंच नाही, हे दोन्ही भाषांना ठाऊक आहे आणि दोघींनाही त्याची फिकीर नाही.

चौचौची आणखी एक गंमत आहे. तिचं बी सुटं करून पाकिटात घालता येत नाही. फळात एकच चपटं बी असतं आणि ते फळाच्या आतच रुजतं. कोंब बाहेर डोकावला की अख्खं फळच मातीत ठेवायचं. एक फळ, एक वेल. मूठभर फेकायची सोयच नाही.

कॅमेरॉननंतर १९०८ मध्ये जो आला तो मराठी वाचकाला जवळचा वाटावा, कारण तो बडोद्याहून आला. गुस्ताव हेर्मान क्रुंबिगल हा जर्मनीत ड्रेस्डेनजवळ जन्मलेला, क्यूमध्ये काम केलेला माळी. १८९३ पासून तो सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होता. तिथून म्हैसूरच्या महाराजांनी त्याला बोलावून घेतलं. बंगळुरूतच १९५६ मध्ये तो वारला. लालबागेला लागून त्याच्या नावाचा रस्ता आहे, आणि रिक्षावाले ते जर्मन नाव कन्नड वळणाने इतक्या सहज उच्चारतात की ते कुण्या गौडाचं असावं असं वाटतं.

क्रुंबिगलने जगभरच्या उद्यानांशी बियांची देवघेव वाढवली. रशियन सूर्यफूल, सोयाबीन, अमेरिकन मका, जावातल्या भाताच्या जाती त्याने मागवून लावून पाहिल्या. पण शहराने त्याला लक्षात ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. रस्त्याकडेची झाडं अशी निवडायची की एकीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा, वर्षभर कुठे ना कुठे फूल असावं, ही त्याची कल्पना. आज जानेवारी-फेब्रुवारीत इथले रस्ते तबेबुइयाने गुलाबी-पिवळे होतात, मार्चमध्ये जॅकरांडा जांभळा होतो, एप्रिल-मेमध्ये गुलमोहर पेटतो. तबेबुइया आणि जॅकरांडा दक्षिण अमेरिकेतले, गुलमोहर मादागास्करचा. ज्याला आम्ही बंगळुरूचा वसंत म्हणून फोटो पाठवतो तो बराचसा टपालाने आलेल्या बियांचा आहे.

यात मला एक फरक दिसतो. क्रुंबिगलकडे जागा होती, माणसं होती, रोपवाटिका होत्या. पण त्याने नुसतं पेरलं नाही, तर कुठलं झाड कुठल्या रस्त्यावर, कुठल्याच्या शेजारी, किती अंतरावर, हे ठरवलं. बहर एकापाठोपाठ हवा तर प्रत्येक झाडाला 'तू इथे नको' हेही सांगावं लागतं.

हे जिथे कुणी सांगितलं नाही तिथे काय झालं, ते बघायला शहराबाहेर जावं लागतं. आपण जिला घाणेरी किंवा टणटणी म्हणतो ती लँटाना मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कोलकात्याच्या उद्यानात शोभेचं झुडूप म्हणून आली. एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुलं. कुणालाही मोह पडावा. कुंपणाला लावली, छावण्यांच्या बंगल्यांभोवती लावली. तिची काळी फळं बुलबुलांना आवडली, आणि पुढची पेरणी त्यांनी केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातल्या वाघांच्या क्षेत्रापैकी ४० टक्क्यांहून अधिक भागात, सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटरवर, घाणेरी पसरली आहे. बंडीपूरच्या जंगलात तिच्या जाळ्यांखाली गवत उगवत नाही, आणि हरणांना गवत लागतं.

गाजर गवताची गोष्ट आपल्या घरातली. ते कुणी हौसेनं आणलेलं नाही. आयात केलेल्या गव्हातून त्याचं बी आलं असं मानतात, आणि १९५५ मध्ये ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं. एका झाडाला १५,००० ते २५,००० बिया. आज बेळगावपासून बंगळुरूपर्यंत रेल्वेच्या खिडकीतून दिसणारं पांढऱ्या फुलांचं रान बहुतेक ठिकाणी तेच. जॅकरांडा, घाणेरी आणि गाजर गवत तिन्ही समुद्रापलीकडून बीच्या रूपाने आली. कुणी रस्त्याला छत धरलं, कुणी जंगल गिळलं. बी हातात असताना यातलं काहीच दिसत नाही.

माझ्या पाकिटातल्या बियांचा इतिहास आणखी अलीकडचा. मनमोहन अत्तावर यांनी १९६५ मध्ये बंगळुरूत संकरित बियांची कंपनी काढली आणि १९७३ मध्ये 'कर्नाटक' नावाचा संकरित टोमॅटो व 'भारत' नावाची ढोबळी मिरची बाजारात आणली. त्याच्या एक वर्ष आधी, १९६४ मध्ये, जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी महिकोची स्थापना केली होती. १९६७ साली स्थापन झालेली भारतीय बागवानी संशोधन संस्था पुढे बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला आली. तिच्या वाणांच्या नावांत पुढे लावलेलं 'अर्का' हे अर्कावती नदीवरून. नदीचं नाव टोमॅटोला मिळालेलं दुसरीकडे कुठे मला माहीत नाही.

संकरित टोमॅटोचं बी हातानं घडवावं लागतं. कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी चिमट्याने ती उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचा पराग तिच्या टोकाला लावायचा. एकेका फुलाला. हावेरी जिल्ह्यातल्या राणेबेन्नूरच्या आसपास हे काम गावोगाव चालतं, आणि चिमटा बहुतेक बाईच्याच हातात असतो. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये ३०० च्या आसपास बिया बसतात. त्यांच्यामागे किती वेळा वाकलेली मान आहे, हे पाकिटावर छापत नाहीत. ते कळल्यापासून एकही बी वाया घालवायचं मला जिवावर येतं. ट्रे भरेपर्यंत पेरण्यामागे हेही एक कारण होतं, असं मी स्वतःला समजावते.

मात्र या बियांची पुढची पिढी आईवडिलांसारखी निघत नाही. संकरित झाडाच्या फळातलं बी धरून पेरलं तर एक रोप उंच, एक बुटकं, एकाचं फळ लहान, असं सगळं विस्कटतं. म्हणून दर हंगामाला नवं पाकीट. आईच्या हॉर्लिक्सच्या बाटलीत वर्तमानपत्राच्या पुड्या असतात. दोडका, गवार, वाल, लाल भोपळा. राखेत घोळून वाळवलेल्या, वर पेन्सिलीने साल घातलेलं. कुठलं फळ बियांसाठी वेलावर ठेवायचं ते ती आधी ठरवते, तिथे धागा बांधते, आणि घरात कुणी कितीही मागितलं तरी ते तोडू देत नाही. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम गावाच्या, मग अनेक गावांच्या मापाने केलं. मातीच्या मडक्यांत गावठी बियाणं राखलं, वाटलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बी राखणं म्हणजे सगळंच ठेवणं, असा माझा समज होता. राखणारी माणसं खरं तर सतत निवडत असतात. कीड लागलेलं, बारीक, उशिरा धरलेलं बी बाजूला होतं, तेव्हा उरलेलं पुढच्या वर्षी पोचतं.

दाटीला हक्काची जागाही आपल्याकडे आहे, ती घटस्थापनेत. पत्रावळीवर काळी माती, तिच्यात नऊ धान्यं अगदी खेटून पेरायची. नऊ दिवसांत पिवळट पोपटी रोपांचं दाट रान उभं राहतं. तिथे विरळणी करायची नसते, पुनर्लागवडही नाही. दसऱ्याला ती रोपं उपटून पुरुष टोपीत खोवतात, बायका केसांत माळतात, आणि झालं. घराघरातली उगवणीची चाचणी म्हणून जुनी माणसं त्याकडे बघत. मला त्यात आणखी एक सोय दिसते. भरपूर पेरण्याची हौस वर्षातून एकदा मनसोक्त भागवून घ्यायची, तिला नऊ दिवसांची मुदत द्यायची, आणि शेतात मात्र हिशेबाने पेरायचं.

लालबागेतून परतले तेव्हा अंधार पडत होता. त्यानंतर चार दिवस मी काहीच केलं नाही. पाचव्या दिवशी ट्रेच्या कोपऱ्यातली नऊ रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडलेली दिसली. दाटी आणि ओल असली की रोपं अशी कोलमडतात, आणि बुरशी एका खळग्यातून शेजारच्यात सरकते. दया दाखवण्याची किंमत शेजारची रोपं भरत होती. त्या संध्याकाळी मी बसले आणि निवडलं. जाड खोडाची, ठेंगणी, गडद पानांची सहा माझ्या कुंड्यांना. २४ कागदी कपांत घालून लिफ्टजवळ ठेवली. दोन दिवसांत ती कुणीकुणी नेली. उरलेली ३२ उपटली. त्यांचा जुडगा मुठीत मावला. मातीचा आणि टोमॅटोच्या पानांचा तो तीव्र वास रात्री साबणानेही गेला नाही.

लिफ्टजवळच्या कपांतले दोन तळमजल्यावरच्या अज्जींनी नेले. दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या आणि माझ्या हातात एक कोंब फुटलेलं सीमेबदनेकाई ठेवलं. "अर्धं मातीत, अर्धं वर," म्हणाल्या, "आणि एकच लाव." मी म्हटलं, अज्जी, एकच तर आहे. त्या म्हणाल्या, "तेच सांगतेय."

२०२४ च्या फेब्रुवारीत लालबागेत हत्तींचं एक प्रदर्शन भरलं होतं, खऱ्या हत्तीएवढ्या मूर्तींचं. जवळ जाऊन पाहिलं तर सगळे घाणेरीच्या काटक्यांचे. जंगलातली घाणेरी उपसून आदिवासी कारागिरांनी ते बनवले होते. शोभेसाठी बागेत आणलेलं झुडूप दोनशे वर्षांनी जंगल फिरून पुन्हा बागेत शोभेला आलं होतं. तेव्हा मी नुसते फोटो काढले होते. आता त्या हत्तींची आठवण आली की वाटतं, एवढी मोठी विरळणी करायला किती हात लागले असतील.

टोमॅटो सप्टेंबरपर्यंत खाल्ले. चौचौचा वेल बाल्कनीच्या गजांवरून वरच्या मजल्यावर गेला आहे, आणि मी दर आठवड्याला पिशवी घेऊन दारोदार फिरते आहे.